शब्दकोडं : सोडवणं आणि समजावून सांगणं (गोवा)

शब्दकोडं म्हणजे पेपरात राशिभविष्य नाहीतर सुडोकूच्या शेजारी येणारं काळ्यापांढऱ्या घरांचं जाळं. आडव्या शब्दांचे क्लू वेगळे, उभ्या शब्दांचे वेगळे, आणि जिथे आडवा शब्द उभ्याला कापतो तिथलं अक्षर दोघांनाही चाललं पाहिजे, नियम म्हणाल तर एवढाच. गोव्यात ते मराठी दैनिकांतून घरोघर पोचतं, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजून गेला की थोड्या वेळात पेपर येऊन पडतो आणि मग घरात पेन कुणाच्या हातात यावर रोजची बाचाबाची. उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येतं. पण ते उत्तर *का*, हे कुठलाच पेपर छापत नाही, त्यामुळे समजावून सांगण्याचं काम उरतं ते सोप्यावर बसलेल्या आजोबांना, सलूनमधे नंबर लावून बसलेल्यांना, कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसमधे शेजारच्या सीटवरून डोकावणाऱ्याला. या नोंदीत त्या 'का'लाच जास्त जागा दिली आहे.

मुळात हा खेळ अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड या पेपराच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन याने पहिलं कोडं छापलं, विन मूळचा इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा. आकार चौकोनी नव्हता, पतंगासारखा होता, आणि नाव होतं 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छापताना शब्द उलटे पडले आणि 'क्रॉस-वर्ड' झालं, तेच टिकलं, म्हणजे या खेळाचं नावच मुद्रणदोषातून आलंय, जे पुढे येणाऱ्या तक्रारी बघता अगदी योग्य वाटतं. १९२४ ला कोड्यांचं पहिलं पुस्तक आलं, लंडनच्या टाइम्सने १९३० ला रोजचं कोडं सुरू केलं, न्यूयॉर्क टाइम्सने मात्र बरीच वर्षं नाक मुरडून १९४२ ला, तेही आधी फक्त रविवारचं. त्याच १९४२ च्या जानेवारीत डेली टेलिग्राफने १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काही जणांना नंतर युद्धातले गुप्त संदेश उलगडायच्या कामावर बोलावणं आलं.

गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, आणि लिसेवमधे (पोर्तुगीज हायस्कुलात) शिकलेल्या पिढीला हा खेळ 'पालाव्राश क्रुझादाश' म्हणून माहीत. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची, दैनिक गोमन्तक निघालं २४ मार्च १९६२ ला. पुढे नवप्रभा आला, तरुण भारत, लोकमत, पुढारी यांच्या गोवा आवृत्त्या आल्या. पण गूढ बोलणं आणि ते उकलणं आपल्याकडे काही पेपराबरोबर आलं नाही. महाभारत लिहून घेताना गणपती लेखणी थांबवणार नाही म्हणाला म्हणून व्यासांनी मधेमधे कूटश्लोक पेरले ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, आकडासुद्धा सांगतात, ८८००. कोकणीत कोड्याला 'उमाणें' म्हणतात. आणि माशांच्या कढीला 'हुमण'. दोन्हींत काटा असतो, एवढं साम्य मला तरी पुरतं.

आता खरा मुद्दा. मराठी कोडं हे इंग्रजी कोड्याचं भाषांतर नाहीच, खेळच निराळा आहे, कारण घरात काय भरायचं ते निराळं आहे. इंग्रजीत एका घरात एक लेटर. मराठीत एका घरात एक अख्खं अक्षर, काना मात्रा वेलांटी अनुस्वार सगळ्यासकट, आणि जोडाक्षरसुद्धा एकाच घरात. म्हणजे 'स्वातंत्र्य' तीन घरांत मावतं, 'लक्ष्मी' दोन घरांत, आणि 'काणकोण' इतकुसं असून चार घरं खातं. इंग्रजीत कापणाऱ्या शब्दाकडून एक लेटर मिळालं तर ते २६ पैकी एक असतं. मराठीत चौतीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास अक्षरं झाली, जोडाक्षरं त्यावर आणखी. त्यामुळे मराठीत एक घर जरी खात्रीने भरलं तरी अर्धं काम झालं. दुसरी बाजू अशी की कोडं रचणाऱ्याचे हाल होतात, त्याला आडव्यातला 'की' उभ्यातही दीर्घच हवा, 'मां' वरचा अनुस्वार दोन्हीकडे हवा. 'सूर्य' लिहिला की दुसऱ्या घरात 'र्य' बसतो (रफार पुढच्या अक्षराबरोबर जातो, हे नवीन लोकांना सांगावंच लागतं) आणि 'र्य' ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, मग त्या घरातून खाली शब्द सुरूच करता येत नाही, फार तर वरून येणारा 'धैर्य' नाहीतर 'कार्य' तिथे संपवता येतो. म्हणून मराठी जाळ्यांत काळी घरं जास्त दिसतात आणि दोन-तीन अक्षरी शब्दांची गर्दी असते. हा आळशीपणा नाही, लिपीचा स्वभाव आहे.

शुद्धलेखनाची भांडणं वेगळीच. १९६२ च्या नियमांनी शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले, रवि चा रवी झाला, कवि चा कवी. जुनी माणसं अजून ऱ्हस्वच भरतात आणि मग उभा शब्द अडला की नियम करणाऱ्यांना शिव्या घालतात. काही कोडी ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात, पण तसं कुठे लिहून ठेवलेलं नसतं, दोनचार दिवस सोडवलं की कळतं.

सोडवायची पद्धत ज्याची त्याची. बहुतेक जण आधी गाळलेल्या जागा भरतात, 'अति तेथे ....' सारख्या म्हणी, त्यात चूक व्हायची भीती नाही. क्लूचं व्याकरण बघणं हा दुसरा धंदा. क्लू 'मारणे' असेल तर उत्तर क्रियापदच, म्हणजे शेवटच्या घरात 'णे' डोळे मिटून टाका, मग वर 'बदड' बसतंय का बघा. क्लू अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी. क्लू प्रमाण मराठीत असतो तेव्हा उत्तर 'करणं' नसून 'करणे', आपण बोलतो तसं लिहून चालत नाही. आणि मग ती संस्कृत समानार्थी शब्दांची वखार, जी दर कोडेवाल्याकडे असतेच. डोंगर म्हणजे नग, अचल, गिरी, अद्री. हत्ती म्हणजे गज, करी, कुंजर. कमळाला तर अंतच नाही. ही यादी महिन्याभरात पाठ होते आणि खरं सांगायचं तर मग निम्म्या कोड्यातली मजाही जाते.

इथे गोंयकाराचं डोकं वेगळं चालतं आणि हे पुण्यामुंबईच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. क्लू 'पाणी', तीन घरं. पुण्याचा माणूस जरा आठवून, पोथीतला शब्द काढल्यासारखं 'उदक' लिहील. इथल्या पोराला आठवायची गरजच नाही, उदक रोज नळाला येतं. 'कुत्रा' ला 'सुणे' हे उत्तर आलं की बाकीचे ज्ञानेश्वरी काढतील, आम्ही दारातल्याला हाक मारतो. उलटही होतं. क्लू 'थंड', दोन घरं, उत्तर 'शीत', आणि आमच्या डोक्यात आधी गरम भात येतो कारण कोकणीत शीत म्हणजे भात. क्लू 'दाराला असते', दोन घरं, 'कडी', आणि आमची कडी ताटात. पुण्याच्या पेठा आणि मुंबईची उपनगरं आली की तोंड पाडून बसायचं आणि 'कोकमाचं फळ' आलं की तीन घरं बघून 'भिरंड' लिहायचं, मग कळतं की हवं होतं 'रातांबा'. दोन्ही तीनच घरांचे, हीच तर पंचाईत. पोर्तुगीज कानावरून गेलेल्या पिढीला एक फायदा असतो, मराठीत मिसळून गेलेले त्या भाषेतले शब्द, लिलाव, घमेलं, पगार, चावी, नाताळ, त्यांना दुरून ओळखू येतात. 'परकीय शब्द' असा क्लू आला की पेन त्यांच्याकडे द्यावं.

गूढ क्लूंची चाल इंग्रजी पेपरांत विलायतेहून आली. वाक्य वरून एक सांगतं आणि आतून दुसरंच, एका टोकाला शब्दाचा सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात तो शब्द बनवायची कृती. मराठी दैनिकांत हे क्वचित दिसतं आणि हे माझं खरं दुखणं आहे, कारण मराठी अक्षरं उलटापालट करायला इंग्रजीपेक्षा सरस आहेत. 'सरस' सुद्धा उलटा वाचा, तोच येतो, 'नवजीवन' पण. 'गरीब उलटला आणि वाहू लागला', दोन घरं : दीन उलटा केला की नदी. 'वेल उलटी टांगली तर ठेका मिळतो' : लता चा ताल. 'आठवड्यातला कुठलाही उलटा करा, शिरा करता येईल' : वार चा रवा. आणि माझा आवडता, 'उलटा केला तरी हाच पाहिजे म्हणतो, असं पेय', उत्तर चहा. दुहेरी अर्थाचे तर गोव्यात रस्त्यावर पडलेत. 'आजीची आई मांडवीकाठी राहते', तीन घरं, पणजी. 'तालुका काय म्हणतो ?', दोन घरं, सांगे.

असे क्लू समजावून सांगणं ही वेगळी कला आहे आणि ती सगळ्यांना येत नाही. वाईट समजावणारा आधी उत्तर सांगतो आणि मग कारण, तेव्हा समोरच्याचा चेहरा पडलेला असतो. चांगला समजावणारा क्लू मोडून दाखवतो. आमच्या घरात आबा होते तसे. मी विचारायचो, "आबा, वेल उलटी कशी टांगतात ?" ते म्हणायचे, "आधी वेलीला दुसरं नाव दे बघू." मी म्हणायचो लता. "मग आता शेवटून वाच रे." बस, एवढंच, उत्तर त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. बसमधल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवू नये, त्याचा स्टॉप जवळ आलेला असतो, तो "तेरावं कमल आहे हो" म्हणून उतरून जातो आणि तुमचा दिवस घालवतो.

उत्तर समजावता येणं ही गोष्ट एकेकाळी कोर्टापर्यंत गेली होती. चाळीस-पन्नासच्या दशकांत देशात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं, फी भरायची, कूपन कापून पाठवायचं आणि मोठ्या रकमेची वाट बघायची. त्यातल्या बऱ्याच कोड्यांत दोन शब्द सारखेच बसायचे आणि बरोबर कुठला ते आयोजकाने आधीच ठरवून बंद करून ठेवलेलं. १९५५ ला प्राइझ कॉम्पिटिशन्स कायदा आला, महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसावर बंदी. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या खटल्यात १९५७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जिथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही अशाच स्पर्धांना हा कायदा लागू, म्हणजे डोकं चालवून सुटणारं कोडं वेगळं आणि जुगार वेगळा. गोवा तेव्हा भारतात नव्हता त्यामुळे हा सगळा गोंधळ आपल्याला चुकला, आणि आता मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत तिथे कोड्याला कोण जुगार म्हणणार. पण कसोटी मला पटते, ज्या उत्तराचं 'का' सांगता येत नाही तो नुसता मटका.

मटका मात्र फुकटच्या कोड्यांतही लागतो. आकडे चुकतात, काळं घर पांढरं छापलं जातं, कधी भलत्याच दिवसाचं उत्तर येतं. एका पेपरात (नाव नको) आडवा क्लू होता 'गोव्यातील एक नदी', तीन घरं, शेवटचं 'री' पक्कं झालेलं. मावशीने 'जुवारी' लिहिलं. मधल्या घरातून खाली जाणारा शब्द, क्लू 'पावसाआधी येते', तीन घरं, शेवटी ळ. तिने 'वा' वरून 'वादळ' उतरवलं, सगळं चोख बसलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं 'झुआरी' आणि 'आभाळ'. पहिलं घर कुणी कापत नव्हतं, 'भा' च्या घरालाही कुणी कापत नव्हतं, म्हणजे दोन्ही जोड्या तितक्याच बरोबर, चूक असेल तर ती रचणाऱ्याची की त्याने एवढी मोकळी जागा ठेवली. हे मी तिला अर्धा तास समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाली, "आमच्या वाड्यावर कोण झुआरी म्हणतं ते दाखव मला," आणि पेन घेऊन छापलेल्या उत्तरावर काट मारून वर जुवारी लिहिलं.