कोइंब्रा विद्यापीठ

कोइंब्रा विद्यापीठ : पोर्तुगालमधील सर्वांत जुने आणि युरोपातील प्राचीन विद्यापीठांपैकी एक. देशाच्या मध्यभागी, मोंदेगो नदीकाठच्या टेकडीवर ते वसलेले आहे. राजा दिनीश याने १ मार्च १२९० रोजी सनद देऊन त्याची स्थापना केली, ती मात्र लिस्बनमध्ये. १३०८ मध्ये ते कोइंब्राला आले, १३३८ मध्ये पुन्हा लिस्बनला गेले, १३५४ मध्ये परत कोइंब्राला आणि १३७७ मध्ये परत लिस्बनला. अशी अडीचशे वर्षे बिऱ्हाड हलवत राहिल्यावर १५३७ मध्ये राजा जुआंव तिसरा याने ते कायमचे कोइंब्राला नेले. गोव्याच्या इतिहासात डोकावणाऱ्याला या विद्यापीठाचे नाव वारंवार भेटते. लिस्बन आणि पोर्तूची विद्यापीठे १९११ मध्ये निघाली. तोवर जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे एव्होरा विद्यापीठ सोडले, तर ब्राझीलपासून मकावपर्यंतच्या साऱ्या पोर्तुगीज साम्राज्यात विद्यापीठ म्हणजे कोइंब्राच होते. एव्होराचे विद्यापीठही १५५९ ते १७५९ इतकेच चालले.

पोप निकोलस चौथा याने ऑगस्ट १२९० मध्ये आज्ञापत्र काढून या विद्यापीठाला मान्यता दिली. कला, दिवाणी कायदा, धर्मसंस्थेचा कायदा आणि वैद्यक या विषयांत पदव्या देण्याची मुभा मिळाली, पण ईश्वरशास्त्र वगळले गेले. मध्ययुगात ईश्वरशास्त्र हे सर्व विद्यांचे शिखर मानले जाई आणि ते शिकवण्याचा मान पोप सहजासहजी कुणाला देत नसे. त्यामुळे पोर्तुगालमध्ये ही विद्या बराच काळ फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन मठांतच शिकवली गेली. विद्यापीठात तिचे अध्यासन म्हणजे प्राध्यापकपद पुष्कळ उशिरा आले. या विद्यापीठाचा इतिहास विद्याशाखांच्या अंगाने वाचला की उलगडत जातो, तो यामुळेच. एखादी शाखा कधी उघडली, कधी बंद पडली आणि कशात विलीन झाली, हे पाहिले की त्या त्या काळात सत्तेला कोणते ज्ञान हवे होते आणि कोणत्या ज्ञानाची धास्ती होती, ते दिसते.

अध्यापकाला इथे ‘लेंत’ म्हणत. शब्दशः अर्थ वाचणारा. प्रमाण मानलेला ग्रंथ तो मोठ्याने वाची, त्यावर भाष्य सांगे आणि विद्यार्थी उतरवून घेत. अध्यासनांची नावे मठातल्या प्रार्थनेच्या प्रहरांवरून पडलेली होती. सकाळचे मुख्य अध्यासन ते ‘प्रीमा’ आणि दुपारनंतरचे ते ‘व्हेश्पेरा’. प्रीमाच्या लेंतचा मान सर्वांत मोठा. पुढे या व्याख्यानांच्या छापील टिपणांना विद्यार्थ्यांनी ‘सेबेंता’ म्हणजे ‘कळकट’ असे नाव दिले, कारण ती एका हातातून दुसऱ्या हातात फिरून मळकट होत.

१५३७ च्या स्थलांतरानंतर विद्यापीठाला टेकडीवरच्या राजवाड्यात जागा मिळाली आणि १५९७ मध्ये तो वाडा विद्यापीठाने विकतच घेतला. पूर्वी जिथे सिंहासन होते, त्या दालनात आजही डॉक्टरेटची परीक्षा आणि पदवीदान होते. टेकडीच्या पायथ्याशी सोफिया ही रुंद, सरळ रस्त्याची आळी मुद्दाम आखली गेली आणि तिच्या कडेने निरनिराळ्या धर्मसंघांची महाविद्यालये उभी राहिली. सोफिया म्हणजे प्रज्ञा. याच काळात, १५४४ मध्ये, गणिताचे अध्यासन पेद्रू नूनिश याच्याकडे आले. होकायंत्राचा एकच कोन धरून जाणारे जहाज पृथ्वीच्या गोलावर सरळ जात नाही, ध्रुवाकडे वळत जाणारी वक्ररेषा आखते, हे त्याने गणिताने मांडले. ज्या देशाचे सारे वैभव जहाजांवर उभे होते, तिथे हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. पुढे ग्रेगोरियन पंचांगाच्या सुधारणेत मुख्य वाटा उचलणारा जर्मन गणिती क्लाव्हियस हाही तरुणपणी कोइंब्रातच शिकला.

विद्यापीठ लिस्बनमध्ये असतानाच्या शेवटच्या वर्षांत तिथे गार्सिया द ओर्ता हा वैद्य शिकवत होता. १५३४ मध्ये तो नोकरी सोडून भारतात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. पुढे मुंबईचे बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. हळद, वेलदोडा, हिंग, आंबा, भांग अशा देशी द्रव्यांविषयी त्याने संवादरूपात लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने प्राचीन ग्रीक वैद्यांचे म्हणणे इथल्या वैद्य-हकिमांच्या अनुभवावर घासून पाहिले आहे. लेंतच्या गादीवर बसून जुनी पोथी वाचणाऱ्याच्या हातून असे लिखाण क्वचितच झाले असते. ओर्ता मूळ ज्यू कुळातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली.

कोइंब्रालाही इन्क्विझिशनची झळ लागली. १५४८ मध्ये राजाने फ्रान्समधून मानवतावादी विद्वान आणून कला महाविद्यालय काढले. दोनच वर्षांत त्यांतला स्कॉटिश कवी जॉर्ज ब्यूकॅनन आणि त्याचे काही सहकारी अटकेत गेले आणि १५५५ मध्ये महाविद्यालय जेझुइटांच्या ताब्यात देण्यात आले. जेझुइट शिक्षक कमी दर्जाचे मुळीच नव्हते. १५९२ ते १६०६ या काळात त्यांनी काढलेली ॲरिस्टॉटलवरची भाष्यमाला युरोपभर अभ्यासली गेली. पूर्वेकडे निघालेले धर्मप्रचारक आधी इथे थांबत. पुढे चीनमध्ये नाव कमावलेला मात्तेओ रिची १५७७-७८ मध्ये कोइंब्रात होता आणि तिथून तो गोव्याला आला. तरीही पुढची दीड शतके शिक्षण भाष्य आणि भाष्यावरचे भाष्य यांतच घुटमळत राहिले. गॅलिलिओ आणि न्यूटन यांच्या युरोपाकडे या टेकडीने जवळजवळ पाठ फिरवली होती.

त्याच काळात बांधले गेलेले ग्रंथालय मात्र पाहत राहावे असे आहे. ब्राझीलचे सोने येत असताना राजा जुआंव पाचवा याने १७१७ ते १७२८ या वर्षांत ते उभारले. एकापुढे एक अशी तीन दालने, हिरव्या, लाल आणि काळ्या रंगावर सोनेरी नक्षी असलेली लाकडी कपाटे, त्यांच्या खांबांमध्येच बेमालूम सरकवून ठेवलेल्या शिड्या आणि दोन मीटरहून जाड भिंती. आत वटवाघळांची वस्ती आहे आणि ती हाकलायची नाहीत, असा इथला शिरस्ता आहे. रात्री ती बाहेर पडून पुस्तकांना लागणारे किडे खातात. म्हणून संध्याकाळी दारे लावण्यापूर्वी जुन्या मेजांवर चामड्याची आवरणे पसरतात आणि सकाळी ती उचलून लेंड्या झाडतात. ग्रंथालयाच्या खालच्या मजल्यावर विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग होता. विद्यार्थ्यांचे आणि अध्यापकांचे खटले विद्यापीठाच्या न्यायालयातच चालत. हा अधिकार १८३४ मध्ये संपला.

विद्यापीठाचा खरा कायापालट देशाचा सर्वसत्ताधीश प्रधान, पोंबालचा मार्किश याने केला. त्याने १७५९ मध्ये जेझुइटांना देशाबाहेर घालवले आणि सप्टेंबर १७७२ मध्ये स्वतः कोइंब्राला येऊन, सुमारे महिनाभर मुक्काम ठोकून नवे नियम लागू केले. गणित आणि निसर्गतत्त्वज्ञान (म्हणजे आजची निसर्गविज्ञाने) या दोन स्वतंत्र विद्याशाखा तेव्हा निघाल्या. गणिताला वैद्यक व कायदा यांच्या बरोबरीचे स्थान देणे ही त्या काळच्या युरोपात फार दुर्मीळ गोष्ट होती. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आधी गणित आणि भौतिकशास्त्र शिकणे भाग पडले. शस्त्रक्रिया ही हलक्या दर्जाची कारागिरी मानली जाई, ती आता वैद्यकाच्या जोडीने शिकवली जाऊ लागली आणि मानवी देहाचे विच्छेदन सक्तीचे झाले. जेझुइटांच्या रिकाम्या इमारतींत रुग्णालय आणि निसर्गेतिहासाचे संग्रहालय आले. रसायनशाळा, भौतिकशास्त्राच्या उपकरणांचे दालन आणि वनस्पतिउद्यानही उभे राहिले. इटलीतल्या पादुआहून दोमेनिको व्हांदेल्ली व दल्ला बेल्ला हे अध्यापक बोलावण्यात आले. ब्राझीलमध्ये जन्मलेला रेक्टर म्हणजे कुलगुरू फ्रांसिश्कू द लेमुश याने हे सारे प्रत्यक्षात उतरवले.

पोंबाल हुकूमशहा होता आणि त्याने हे वरून लादले, हे खरे आहे. तरी कोइंब्राच्या सातशे वर्षांत विद्यार्थ्याच्या हाती पोथीऐवजी उपकरण देणारा क्षण शोधायचा तर तो हाच आहे. त्याची किंमतही पुढे मोजावी लागली. १७७७ मध्ये पोंबालची सत्ता गेली आणि लगेच १७७८ मध्ये भूमितीचा बुद्धिमान प्राध्यापक जुझे अनास्तासियू द कुन्या याला इन्क्विझिशनने पकडून शिक्षा ठोठावली. पण प्रयोगशाळा टिकल्या. १८०८ मध्ये नेपोलियनच्या फौजांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा याच रसायनशाळेत बंदुकीची दारू तयार झाली.

१८३४ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर सोफिया आळीतली महाविद्यालये ओस पडली. १८३६ मध्ये दिवाणी कायदा आणि धर्मसंस्थेचा कायदा या दोन शाखा मिळून एकच कायदा विद्याशाखा झाली. देशाचे मंत्री, न्यायाधीश आणि प्रशासक पुढे प्रामुख्याने तिथूनच आले. तिथेच कायदा शिकलेला आणि काही काळ रेक्टर राहिलेला आंतोनियू लुईश द सेआब्रा हा १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचा कर्ता. ही संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली. विवाहाची नोंदणी, पती-पत्नीची सामाईक मालमत्ता आणि वारसाहक्क यांबाबत गोव्यात सर्व धर्मीयांना एकच कायदा आहे. त्याचे मूळ या संहितेत आहे.

दोमितिला द कार्व्हाल्यू हिने १८९१ मध्ये प्रवेश घेतला. ती आधुनिक काळातली इथली पहिली विद्यार्थिनी. तिने गणित, निसर्गतत्त्वज्ञान आणि वैद्यक अशा तिन्ही शाखांतून पदव्या मिळवल्या. १९१० मध्ये राजेशाही गेली. ज्या ईश्वरशास्त्रासाठी एकेकाळी पोपकडे परवानगी मागावी लागे, ती शाखाच प्रजासत्ताकाने बंद केली आणि १९११ मध्ये तिच्या जागी साहित्य विद्याशाखा आणली. कारोलिना मिकाएलिश द व्हाश्कोंसेलुश ही तिथली प्राध्यापक विद्यापीठातली पहिली स्त्री-अध्यापक होती. गणित आणि निसर्गतत्त्वज्ञान एकत्र करून विज्ञान शाखा झाली.

हुकूमशहा सालाझार आधी इथेच अर्थशास्त्र शिकवत होता. त्याच्या राजवटीत १९४० च्या दशकात टेकडीवरची जुनी वस्ती पाडून तिथे अवाढव्य, सरळसोट इमारती उभ्या करण्यात आल्या. शेकडो वर्षे विद्यार्थ्यांना आसरा देणाऱ्या गल्ल्या आणि घरे त्यात गेली. हे नुकसान भरून निघालेले नाही. १७ एप्रिल १९६९ रोजी, नव्या गणित इमारतीच्या उद्घाटनात, राष्ट्राध्यक्षांसमोर विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाने बोलण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली आणि त्यातून मोठे आंदोलन पेटले. विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार घातला आणि अनेकांना सक्तीने सैन्यात पाठवण्यात आले.

गोव्याच्या तरुणांसाठी कोइंब्राने एक अनपेक्षित काम केले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आदेओदातू बार्रेतू आणि तेलू द माश्कारेन्यश इथे शिकत होते. भारत त्यांना तिथे, मोंदेगोच्या काठी, नव्याने दिसला. त्यांनी मित्रांसह विद्यापीठात भारतीय संस्था काढली आणि १९२८ मध्ये ‘इंदिया नोव्हा’ म्हणजे ‘नवा भारत’ हे पत्र सुरू केले. बार्रेतू १९३७ मध्येच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास वारले. माश्कारेन्यश यांनी टागोरांचे साहित्य पोर्तुगीजमध्ये नेले, गोवा मुक्तीच्या लढ्यात उडी घेतली आणि पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षे काढून ते १९७० मध्ये सुटले.

आज विद्यापीठात कायदा, वैद्यक, साहित्य, विज्ञान व तंत्रज्ञान, औषधनिर्माण, अर्थशास्त्र, मानसशास्त्र व शिक्षण आणि क्रीडाविज्ञान अशा आठ विद्याशाखा आहेत. २०१३ मध्ये युनेस्कोने विद्यापीठ, टेकडी आणि सोफिया आळी यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. प्रत्येक शाखेचा रंग वेगळा आहे : वैद्यकाचा पिवळा, कायद्याचा लाल, साहित्याचा गडद निळा. काळा कोट आणि काळी शाल घातलेले विद्यार्थी त्या रंगाच्या फिती दप्तराला बांधतात आणि मे महिन्यातल्या उत्सवात त्या जाळतात. मनोऱ्यावरच्या एका घंटेला विद्यार्थी ‘काब्रा’ म्हणजे ‘शेळी’ म्हणत आले आहेत. संध्याकाळी ती वाजली की नव्या विद्यार्थ्याने रस्त्यावर दिसायचे नाही, असा जुना दंडक होता.