ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं?

डिपस्टिक (इंजिन ऑइल तपासायची पट्टी) ओढायची, फडक्याला पुसायची आणि म्हणायचं, 'ऑइल काळं पडलंय, बदलून टाका.' गॅरेजात हे वर्षानुवर्षं चालत आलंय. (मिस्त्री लबाडच असतो असं नाही, त्याच्या उस्तादानंही हेच शिकवलेलं असतं.) पण निव्वळ रंगावरून ऑइलचं आयुष्य कळत नाही. त्यात डिटर्जंट मिसळलेलं असतं. ते इंजिनातली काजळी सुटी करतं, ऑइल ती पोटात धरून ठेवतं, म्हणून काळं दिसतं. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही लवकरच डांबरासारखं होतं. बदलायचं ते मॅन्युअलमधल्या किलोमीटर किंवा महिन्यांप्रमाणे, जे आधी भरेल ते. मात्र डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं ऑइल दिसलं तर थांबा. त्यात पाणी शिरलंय, कदाचित हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलंय.