आधी मेंढी, घोडी. मग घरचा कुत्रा

नागपुरात आज कुत्रीच्या पोटावरचे केस काढून, जेल लावून सोनोग्राफी करणं नवलाचं राहिलेलं नाही. पण हे तंत्र पाळीव प्राण्यांपर्यंत पोचलं ते बऱ्याच उशिरा, आणि माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे: ज्या जनावरात पैसा, त्याची तपासणी आधी.

मुळात हा शोध वैद्यकाचा नव्हेच. १८८० मध्ये क्युरी बंधूंना काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे आढळलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँ यांनी त्याच गुणाच्या आधारे ध्वनिलहरी सोडून, त्यांच्या प्रतिध्वनीवरून पाणबुड्या हुडकण्याचं तंत्र विकसित केलं. पुढे ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी धातूतल्या भेगा शोधणारं कारखान्यातलं यंत्र पोटातल्या गाठींवर वापरून पाहिलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेही १९५८ मध्येच. निव्वळ योगायोग.

जनावरांच्या बाबतीत सुरुवात झाली मांसापासून. १९५० च्या दशकात अमेरिकेत जिवंत गुराडुकरांची चरबी ध्वनिलहरींनी मोजायला लागले. १९६६ मध्ये मेंढी गाभण आहे का हे तपासलं गेलं. १९८० मध्ये फ्रान्समध्ये पामर आणि द्रियांकूर यांनी घोडीच्या गुदाशयातून प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा यंत्राचा भाग, घालून गर्भाशय पडद्यावर हलताना दाखवलं. शर्यतीच्या घोड्यांवर केवढा पैसा लागतो, हे वेगळं सांगायला नको. कुत्र्यामांजरांची पाळी आली ती यंत्रं लहान आणि स्वस्त झाल्यावर.

महाराष्ट्रात यंत्र विकत घेण्याला आणखी एक बाजू आहे. गर्भलिंगनिदानावर राज्याने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. गर्भाचं लिंग दाखवू शकणारं यंत्र नोंदणी नसलेल्याला विकायला मनाई आहे, आणि प्रोबखाली बाई आहे की मांजर, हे यंत्राला कुठे कळतं? त्यामुळे पशुवैद्यालाही हा कायदा नजरेआड करून चालत नाही.

दवाखान्यात खरा उपयोग दिसतो तो पायोमेट्रात, म्हणजे गर्भाशयात पू साठतो तेव्हा. मूत्राशयातले खडेही दिसतात. गर्भ साधारण पंचविसाव्या दिवसापासून कळतो, हृदयाचे ठोकेही दिसतात. पण मालकांचा हटकून येणारा प्रश्न असतो, 'पिल्लं किती?' त्याचं उत्तर सोनोग्राफी खात्रीनं देत नाही. त्यासाठी पिल्लांची हाडं घट्ट होईपर्यंत, म्हणजे ४५ दिवस उलटेपर्यंत थांबून जुना एक्स-रेच काढावा लागतो.