वसाहतकालीन वैद्यक-संग्रह (कोकण किनारा)

कोकण किनाऱ्यावरील वनस्पती, औषधे आणि रोग यांविषयी सोळाव्या शतकापासून यूरोपीय सत्तांच्या आश्रयाने जे ग्रंथ, चित्रे व नोंदी तयार झाल्या, त्यांचा येथे विचार केला आहे. त्यांतील बरीचशी माहिती स्थानिक वैद्यांकडून व जाणकारांकडून आली. श्रेय कोणाच्या वाट्याला यावे, हे मात्र वंश, धर्म आणि सत्ता यांवर ठरत गेले.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह त्याच्या रुग्णांपैकी एक होता. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात मोडशीचे (पटकीचे) सविस्तर वर्णन असून, रोग्याला मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज पाजणे, पायांना डाग देणे, हे येथील उपचारही त्याने नोंदविले आहेत. या संवादांत मालुपा हा हिंदू वैद्य बोलतो आणि आंतोनिया ही दासी मागितलेल्या वस्तू आणून देते. १५६७ मध्ये क्लूसियस या फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रंथाचा लॅटिन संक्षेप केला, तेव्हा संवादाचा साचा गळला आणि त्याबरोबर ही माणसेही गळाली. यूरोपभर वाचला गेला तो प्रामुख्याने हा संक्षेप. ऑर्ता स्वतः ज्यू वंशाचा होता; तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत असे, असे मृत्यूनंतर ठरवून १५८० मध्ये इन्क्विझिशनने (कॅथलिक धर्मन्यायालयाने) त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. (कोकमाच्या ‘गार्सिनिया’ या शास्त्रीय नावाशी मात्र त्याचा संबंध नाही, ते लोराँ गार्सँ या निसर्गशास्त्रज्ञावरून पडले.)

डच अधिकारी व्हान रीड याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात (१६७८–१६९३) वेगळे चित्र दिसते. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनमधील तीन कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापले आहे, आणि ते त्या काळी दुर्मिळच म्हटले पाहिजे. तरीही ग्रंथ ओळखला जातो तो व्हान रीडच्या नावाने.

पणजीत १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी वैद्यकीय विद्यालय स्थापन केले. तेथे यूरोपीय वैद्यक शिकलेले अनेक गोमंतकीय पदवीधर पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत आरोग्यसेवेत गेले. तेथे त्यांची नेमणूक दुय्यम श्रेणीत होई.