एक कनेक्शन, दोन कॉम्प्युटर: घरगुती नेट वाटून घेण्यामागचा इतिहास

आज नाशिकमध्ये फायबरचं कनेक्शन घेतलं की बसवायला आलेला मुलगा वायफायचा पासवर्ड लिहून देतो आणि पुढच्या घरी जातो. घरात किती कॉम्प्युटर आहेत हे विचारतही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मात्र दुसऱ्या कॉम्प्युटरला नेट देणं ही खटपटच होती, आणि त्या खटपटीचं मूळ पत्त्यांच्या टंचाईत होतं.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता, म्हणजे त्याची ओळख सांगणारा आकडा, लागतो. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात, त्यामुळे नेट पुरवणारी कंपनी एका कनेक्शनला एकच पत्ता देई. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी तोडगा मांडला: घरात खासगी पत्ते वापरा, बाहेर पडताना मोजके सार्वजनिक पत्ते वाटून वापरा. हेच ‘नॅट’, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल. १९२.१६८ ने सुरू होणारे आणि आणखी काही पत्ते त्याच वर्षी मार्चमध्ये अशा खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले होते. घर आणि इंटरनेट यांच्या मधलं, दारातलं यंत्र एक नोंदवही ठेवतं: कोणत्या कॉम्प्युटरने काय मागवलं, त्याला कोणता पोर्ट क्रमांक, म्हणजे जोडणी ओळखायचा आकडा, दिला. उत्तर त्या क्रमांकावर आलं की नोंद पाहून योग्य कॉम्प्युटरकडे जातं. मांडणाऱ्यांनीच याला तात्पुरता उपाय म्हटलं होतं. तीस वर्षं झाली, जग त्यावरच चाललंय.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सुरू केलं, तेही आधी महानगरांत. बाकीच्या शहरांत जोडणीचं केंद्र येईपर्यंत महानगराला एसटीडी (परगावचा फोन) लावून मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट आणणारं यंत्र, जोडायचा आणि मीटरकडे डोळे लावून बसायचं. केंद्र आल्यावरही फोन अडकून राही तो राहीच. फोनचा पॉइंट हॉलमध्ये, म्हणून कॉम्प्युटरही हॉलमध्ये. नाशिकच्या सिडकोतलं छोटं घर असो की गंगापूर रोडचा फ्लॅट, मांडणी हीच.

१९९९ मध्ये विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ होतं, म्हणजे एका कॉम्प्युटरचं नेट दुसऱ्याला देण्याची सोय. हॉलमधला कॉम्प्युटर १९२.१६८.०.१ हा पत्ता घेऊन दारवान बनायचा, आतल्या खोलीतला त्याच्यामार्फत बाहेर जायचा. दोन्हीकडे लॅन कार्ड (केबल जोडायचं कार्ड) हवं, आणि मध्ये हब, म्हणजे अनेक केबली जोडायची डबी, नसेल तर क्रॉस केबल. साध्या केबलच्या दोन्ही टोकांना तारांचा क्रम सारखा असतो. क्रॉसमध्ये एका टोकाला नारिंगी आणि हिरवी जोडी अदलाबदल करून क्रिंप करायची (पक्कडीने टोकात दाबून बसवायची), म्हणजे एकाची पाठवायची तार दुसऱ्याच्या घ्यायच्या तारेला मिळते. जोडी चुकली तर कार्डावरचा दिवा लागायचाच नाही, आणि मग खरा दोष शोधण्याआधी विंडोज दोनदा नव्याने टाकून व्हायचं.

या व्यवस्थेची खरी गोम म्हणजे पहिला कॉम्प्युटर सतत चालू हवा. ‘दादा, तुझा बंद करू नकोस’ ही आतल्या खोलीतून येणारी हाक तेव्हाची. पुढे २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर यूपीएस जेमतेम पाच-दहा मिनिटं तग धरायचा; हॉलमधला कॉम्प्युटर गेला की बॅटरीवर चालणाऱ्या आतल्या लॅपटॉपचंही नेट गेलं.

१४ जानेवारी २००५ ला बीएसएनएलची डेटावन ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने देशभर पसरली. वेग सुरुवातीला २५६ केबीपीएस, १ जानेवारी २००७ पासून २ एमबीपीएस. फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या स्प्लिटर नावाच्या डबीमुळे फोन मोकळा राहिला. हुआवेच्या एमटी८८२ सारख्या मोडेमला इथरनेट (लॅन केबलचं) आणि यूएसबी अशी दोन्ही तोंडं होती, म्हणून हब न घेता एक कॉम्प्युटर इकडे, दुसरा तिकडे. पण मोडेम ब्रिज पद्धतीत, म्हणजे नुसता पूल म्हणून, ठेवला असेल तर डायल करायचं, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडणी उघडायचं, काम कॉम्प्युटरकडेच राही आणि दारवानाची जुनी गरज परत उभी राही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हे मोडेमच्या सेटिंगचं पान उघडून पीपीपीओईचं (त्या जोडणीच्या पद्धतीचं) नाव-पासवर्ड मोडेममध्येच भरलं की तो स्वतः डायल करी, नॅटही तोच सांभाळी. माझ्या मते घरगुती शेअरिंग सोपं केलं ते या एका पानाने. वायफायचं कौतुक उगाच जास्त होतं. डेटा मोजून मिळायचा, त्यामुळे भांडण मात्र वेगाहून मर्यादेवर. काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत असायचं, आणि मोठ्या फाइली तेव्हाच लावल्या जायच्या.

जानेवारी २००५ मध्येच वायफाय ज्यावर चालतं ती २.४ गिगाहर्ट्झची रेडिओ लहरींची पट्टी परवान्यातून मुक्त झाली. मग वायफाय मोडेमच्या पोटातच आलं आणि वायर हॉलच्या भिंतीपाशी थांबली.

पत्ते मात्र संपतच होते. एप्रिल २०११ मध्ये आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला. आता अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात, म्हणजे हॉलमधल्या कॉम्प्युटरचं काम त्यांच्या केंद्रात होतं. घरचा सीसीटीव्ही बाहेरून थेट पत्त्यावर पाहायला गेलं की याचा पत्ता लागतो: जोडणी होत नाही, आणि कंपनी स्टॅटिक आयपीचे, म्हणजे आपल्या एकट्याच्या कायमच्या पत्त्याचे, वेगळे पैसे सांगते.