जुनं जलरंगचित्र फ्रेमला देण्याआधी

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या जुन्या गावांचे रस्ते जलरंगात रंगवणारे बरेच होते. आमच्या आवडीच्या लुईझ रेनर (१८३२–१९२४). चेस्टर गाव त्यांनी पुन्हापुन्हा रंगवलं: काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची घरं, पहिल्या मजल्याच्या पोटातून जाणारी दुकानांची छपराखालची वाट, खाली माणसांची वर्दळ. चेस्टरच्या चित्रात ईस्टगेटची, म्हणजे तिथल्या पूर्वेच्या वेशीची कमान असेल तर तिच्या माथ्याकडे जरूर बघा. तिथलं घड्याळ १८९९ मध्ये बसवलं. घड्याळ नसेल, तर दृश्य त्याआधीचं.

त्या काळच्या चित्रांत आभाळ पुष्कळदा गुलाबीसर दिसतं. गिऱ्हाईक म्हणतात, "काय सुंदर संध्याकाळ आहे!" पण ती नेहमीच संध्याकाळ नसते. ढगांचा करडा रंग करायला चित्रकार नीळ आणि इंडियन रेड नावाचा लोखंडी तांबडा मिसळायचे. नीळ, म्हणजे बंगाल-बिहारच्या शेतांतून तिकडे जहाजाने जायची तीच, उजेडाने उडते. तांबडा तसाच राहतो. रसेल आणि ॲबनी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रंगांवर उजेड पाडून चाचण्या केल्या आणि १८८८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा हे उडणं मोजून दाखवलं गेलं.

उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, वर दिवा नको, आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत तर नकोच. कागदावर तांबूस ठिपके पडतात ते ओलीने.

आम्ही ॲसिड-फ्री माउंट वापरतो, म्हणजे चित्राभोवती बसणारा, मधे खिडकी कापलेला, आम्ल नसलेला पुठ्ठा. साध्या पुठ्ठ्याने काही वर्षांत माउंटच्या खिडकीकडेने तपकिरी रेघ उमटते. चित्र काचेला टेकू देत नाही आणि सेलोटेप लावत नाही. कागदाच्या बिजागऱ्या खळीने चिकटवतो, त्या पुढे कधीही सोडवता येतात. उन्हातले अतिनील किरण अडवणारी यूव्ही काच महाग पडते, पण अस्सल चित्राला ती घ्याच. तरीही थेट ऊन टाळायचंच.

चित्र आहे त्या फ्रेमसकट आणा, मागची चिठ्ठी काढू नका. जुना माउंट आम्ही तुमच्यासमोर उघडतो. त्याखाली झाकलेल्या बोटभर पट्टीत कधीकधी मूळ निळं-करडं आभाळ अजून शाबूत असतं.