चॅन स्पर्धेत कोण खेळू शकतं? पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रं

इजिप्तचा मोहम्मद सालाह, नायजेरियाचा ओसिमेन वगैरे नामवंत फुटबॉलपटू खेळतात ती स्पर्धा म्हणजे आफ्रिका कप. आफ्रिकन नेशन्स चॅम्पियनशिप, म्हणजे चॅन, ही वेगळी. २००९ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये तिची सुरुवात झाली. आठवी स्पर्धा ऑगस्ट २०२५ मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडाने मिळून भरवली आणि नैरोबीतल्या अंतिम सामन्यात मोरोक्कोने मादागास्करला ३-२ असं हरवलं.

पात्रतेची मुख्य अट एका ओळीत सांगता येते: खेळाडू ज्या देशाचा नागरिक आहे, त्याच देशाच्या लीगमधल्या क्लबकडे त्याची सध्या नोंदणी हवी. दोन्ही एकाच वेळी. नागरिक आहे पण खेळतो शेजारच्या देशात, तर बाद. देशातल्या क्लबकडून खेळतो पण पासपोर्ट दुसऱ्या देशाचा, तरीही बाद. लोकांना वाटतं फक्त युरोपात खेळणारे वगळले जातात, तसं नाही. मालीचा गोलरक्षक जिगी दियारा २०२१ मध्ये चॅनचा अंतिम सामना खेळला. त्याच वर्षी तो टांझानियाच्या यंग आफ्रिकन्स क्लबकडे गेला, आणि पुढच्या चॅनला माली त्याच्याशिवाय गेला. आपल्याकडे गोव्याच्या धेंपो क्लबचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली या नायजेरियन खेळाडूंनी गोलांमागून गोल केले, पण गोव्यात असेपर्यंत त्यांनाही हा नियम आडवाच आला असता.

वयाची अट नाही. पूर्वी परदेशात खेळून मायदेशी परतलेला खेळाडूही चालतो. आधी राष्ट्रीय संघातून खेळलेला असला तरी हरकत नाही.

आता अर्जाचं. खेळाडूने स्वतः भरायचा अर्ज असा नसतोच. आफ्रिकन फुटबॉल महासंघ, म्हणजे काफ, फक्त सदस्य देशांच्या संघटनांकडून प्रवेश घेतो. यजमानांना थेट जागा मिळते, बाकीचे आपापल्या विभागातली पात्रता फेरी खेळून येतात. प्रशिक्षक संघ निवडतो, संघटना यादी काफकडे पाठवते. त्यामुळे ‘चॅनच्या संघात नाव घालतो, फी भरा’ असं कुणी म्हणालं तर तो फसवतोय, हे पक्कं समजा.

खेळाडूकडून लागतं ते मोजकंच: मुदतीतला पासपोर्ट, देशातल्या क्लबची चालू नोंदणी आणि स्पर्धेआधीची वैद्यकीय तपासणी. क्लबच्या कागदांवर आणि पासपोर्टवर नाव, जन्मतारीख हुबेहूब जुळते ना, हे आधीच बघून ठेवावं. ऐनवेळी दुरुस्ती करत बसणं कुणालाच परवडत नाही.

खरी अडचण कागदांत नाही, करारांत आहे. चॅनमध्ये चमकलेल्या खेळाडूला बाहेरून बोलावणं येतं. २०१८ मध्ये ९ गोल करणारा मोरोक्कोचा अय्यूब अल काबी त्याच वर्षी चीनच्या क्लबकडे गेला. मोठ्या रकमेपुढे पुढच्या चॅनवर पाणी सोडणं सोपं असतं. पण २०२५ ची स्पर्धा ऑगस्टमध्ये, म्हणजे खेळाडूंनी क्लब बदलण्याच्या ऐन मोसमात आली. अशा वेळी शिबिर चालू असताना परदेशी करारावर सही झाली, की पात्रता गेली.

शिवाय चॅन फिफाच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रकात बसत नाही. त्यामुळे क्लबवर खेळाडू सोडण्याची सक्ती नाही. दक्षिण आफ्रिकेचा संघ अनेकदा दुय्यम फळीचा दिसतो, त्याचं एक कारण हेच. तेव्हा निवड होण्याची चिन्हं दिसली, की क्लबशी आधीच बोलून परवानगी लेखी घ्यावी.